बुकिंग मर्स्कचं, डब्यावर नाव हॅम्बर्ग सूडचं, असं का?

डॉक्स_मशीदबंदर

नमस्कार मंडळी. मी मशीद बंदरला एका सीएचएच्या (कस्टम्स एजंटच्या) ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते, तीन वर्षं झाली. परवा एक गोष्ट झाली म्हणून विचारतेय. आमची एक नवीन पार्टी आहे भिवंडीची, कापडाचं युनिट, पहिल्यांदाच एक्स्पोर्ट करतायत, दोन चाळीस फुटी डबे (कंटेनर) रॉटरडॅमला, बुकिंग मर्स्क या जहाज कंपनीचं. ट्रेलर फॅक्टरीत पोचले आणि पाच मिनिटांत शेठचा फोन, की मॅडम तुम्ही मर्स्क म्हणालात आणि एका डब्यावर तर हॅम्बर्ग सूड लिहिलंय, अख्खा लाल डबा आहे, दुसऱ्यावर मर्स्क आहे पण नंबर पीओएनयूने सुरू होतोय, मला काही हे बरोबर वाटत नाही, मी माल भरत नाही. आणि खरंच दोन तास भरला नाही हो. लेबर बसून, ट्रेलरवाला फोनवर फोन, कटऑफ, म्हणजे डबा बंदरात पोचवायची शेवटची वेळ, दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा.

मी त्यांना सांगितलं की सगळं एकच आहे, जुन्या कंपन्या मर्स्कने घेतल्यात. भरला शेवटी. पण घरी येताना लोकलमध्ये विचार करत होते की मला तरी कुठे नीट माहितीये. दुसऱ्या दिवशी गेल्या महिन्याचं रजिस्टर काढून बघितलं तर एकाच लाइनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या, बीएलवर (मालाच्या जहाज पावतीवर) एमएसकेयू, एमआरकेयू, पीओएनयू, एसयूडीयू असे सगळे प्रीफिक्स, म्हणजे डब्याच्या नंबरची सुरुवातीची अक्षरं. सीएमए सीजीएमच्या बीएलवर एपीझेडयू, हापाग लॉइडच्या बीएलवर यूएसीयू. म्हणजे हे सगळीकडेच झालंय.

तर ज्यांनी जुना काळ बघितलाय त्यांनी प्लीज सांगा, मर्स्क एवढी मोठी झाली कशी, या कंपन्या एकमेकांना विकत का घेत राहतात, आणि आपल्यासारख्या लहान ऑफिसांना, पार्ट्यांना याने बरं झालं की वाईट?

बॅलार्ड_इस्टेट_३४वर्षं

ताई, आधी तुमच्या शेठना हे सांगा. डब्यावर मोठ्या अक्षरात जे नाव रंगवलंय ते नुसती जाहिरात आहे, डब्याची खरी ओळख म्हणजे तो नंबर. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं यू म्हणजे हा मालाचा कंटेनर आहे एवढंच सांगणारं, मग सहा आकडे, आणि शेवटी चौकटीत एक आकडा, तो चेक डिजिट, नंबर बरोबर आहे का ते तपासायचा. मालकाची अक्षरं पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय कंटेनर ब्युरोकडे रजिस्टर होतात. कंपनी विकली गेली की ती अक्षरंही नव्या मालकाकडे जातात, म्हणून डबा पुन्हा रंगवायची किंवा नंबर बदलायची काही गरज नसते. एसयूडीयू म्हणजे हॅम्बर्ग सूड, पीओएनयू म्हणजे पी अँड ओ नेडलॉइड, आणि आज दोन्ही मर्स्कचे. तुमच्या रजिस्टरमधला एपीझेडयू म्हणजे एपीएल, ती सीएमए सीजीएमकडे गेली, आणि यूएसीयू म्हणजे आखातातली यूएएससी, ती हापागकडे. आमच्या वेळी बॅलार्ड इस्टेटला अर्धा तास चालत फिरलात तर यातल्या प्रत्येक नावाची वेगळी पाटी दिसायची.

आता मर्स्कचं. १९०४ साली डेन्मार्कमधल्या स्वेंडबोर्ग नावाच्या लहानशा बंदरगावात ए. पी. मोलर आणि त्याचे वडील पीटर मर्स्क मोलर यांनी कंपनी काढली, पहिलं जहाज जुनं, सेकंडहँड वाफेचं. वडील स्वतः कप्तान होते. निळ्यावर पांढरा सात टोकांचा तारा दिसतो ना तो त्यांचाच, बायको आजारातून उठली म्हणून जहाजाच्या धुराड्यावर लावला होता, १८८६ ची गोष्ट, म्हणजे कंपनीच्याही आधीची. १९२८ पासून त्यांची अमेरिका ते अतिपूर्व अशी नियमित लाइन सुरू झाली. पण कंटेनरमध्ये हे लोक उशिरा आले. डब्याची कल्पना अमेरिकेतल्या माल्कम मॅकलीनची, ट्रकवाला माणूस, त्याने २६ एप्रिल १९५६ ला आयडियल एक्स नावाच्या जुन्या टँकरवर ५८ डबे ठेवून नेवार्कहून ह्यूस्टनला नेले. त्याचीच कंपनी पुढे सीलँड झाली. मर्स्कचं खास कंटेनरसाठी बांधलेलं पहिलं जहाज आलं १९७५ ला, जवळजवळ वीस वर्षांनी.

आणि तरी १९९९ मध्ये याच मर्स्कने सीलँडचा आंतरराष्ट्रीय धंदा विकत घेतला, ८० कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे ज्याने डबा आणला त्याचीच लाइन उशिरा आलेल्याने घेतली. नाव झालं मर्स्क सीलँड. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेची सफमरीन. मग २००५ ला पी अँड ओ नेडलॉइड, २३० कोटी युरो, तेव्हा ती जगातली पहिल्या तीन-चारातली लाइन होती. मग बारा वर्षांनी २०१७ ला हॅम्बर्ग सूड, ३७० कोटी युरो, १८७१ ची जर्मन कंपनी, दक्षिण अमेरिका आणि रीफर (थंड ठेवणारे डबे) म्हणजे तीच.

मी ज्या लाइनच्या एजन्सीत होतो ती पण अशीच गेली, नाव लिहीत नाही. पण एक सांगतो. आमच्याकडे बीएलवर मारायचे रबरी शिक्के होते, लाकडी मुठीचे, मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली, दिवसाला दोन-दोनशे बीएल सही होऊन जायचे त्यावर. एका शुक्रवारी नवे शिक्के खोक्यातून आले आणि जुने कुणी वापरू नयेत म्हणून रद्द करायची ऑर्डर आली. आमच्या शिपायाने खाली बसून ब्लेडने एकेक रबर सोलून काढलं. वर्तमानपत्रावर त्या पट्ट्या पडलेल्या, उलट्या अक्षरांत लाइनचं नाव. सोमवारी आम्ही त्याच टेबलावर नव्या नावाने सही करायला लागलो, पण सहा महिन्यांत बेचाळीस जणांपैकी एकोणीस राहिलो. मला ठेवलं कारण मला मॅनिफेस्ट, म्हणजे जहाजावरच्या सगळ्या मालाची यादी, करता येत होतं. ज्यांना घरी जावं लागलं ते माझ्यापेक्षा कामात कमी नव्हते हे मला आजही बोलून दाखवावंसं वाटतं.

अंधेरी_फॉरवर्डर

काका, शिक्क्याचं वाचून गप्प बसलो दोन मिनिटं.

ताई तुमचा दुसरा प्रश्न, का विकत घेतात, त्यावर मी लिहितो कारण रोज जहाजभाड्याच्या रेटमध्येच असतो. यात हाव असेल पण मुख्य कारण हिशोबाचं आहे. मोठं जहाज आणि लहान जहाज, खलाशी दोन्हीवर साधारण सारखेच, वीस-पंचवीस. डबे दुप्पट झाले म्हणून इंधन दुप्पट लागत नाही. म्हणजे जहाज जेवढं मोठं तेवढा एका डब्यामागचा खर्च कमी, पण अट एकच, जहाज भरलं पाहिजे. अर्धं रिकामं गेलं तर तेच मोठं जहाज कंपनीला खड्ड्यात घालतं, कारण जहाजाचा हप्ता, कालव्याचा टोल, इंधन, हे काही अर्ध्या मालावर अर्धं होत नाही. २००६ ला एम्मा मर्स्क आली तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं कंटेनर जहाज, मग २०१३ ला त्यांचीच ट्रिपल ई, १८ हजार टीईयू (वीस फुटी डब्यांच्या मापाने), आता एमएससी इरिनासारखी २४ हजारांच्या वरची आलीत. एकाने मोठं बांधलं की दुसऱ्याला बांधावंच लागतं नाहीतर त्याचा डबा महाग पडतो. सगळ्यांनी बांधली की जागा जास्त, माल कमी, रेट कोसळतो. आणि गंमत अशी की ऑर्डर देतात तेजीत आणि जहाज हातात येतं दोन-तीन वर्षांनी, तोवर मंदी आलेली असते.

मग जहाज भरायला माल कुठून आणायचा? तर जहाज यार्डात बांधून मिळतं, पार्ट्या बांधून मिळत नाहीत. त्या दुसऱ्याकडून घ्याव्या लागतात, म्हणजे दुसरी लाइनच घ्यायची. हॅम्बर्ग सूड घेतली ती या हिशोबाने, दक्षिण अमेरिकेतलं जाळं आणि रीफरच्या पार्ट्या आयत्या मिळाल्या.

२०१६ आठवा. कोरियाची हानजिन, जगातली सातव्या नंबरची लाइन, पैसे संपून ३१ ऑगस्टला कोर्टात गेली आणि तिची जहाजं बंदराबाहेर समुद्रात उभी, कारण आत आलं तर पैसे कोण भरणार म्हणून टर्मिनल घेईनात, शिवाय जहाज जप्त व्हायची भीती. लोकांचा माल महिना महिना अडकला. त्याच्या आगेमागे बाकीच्यांनी जी धावपळ केली ती बघा ना, त्याच वर्षी चीनच्या कॉस्को आणि चायना शिपिंग एक झाल्या, सीएमए सीजीएमने सिंगापूरची एनओएल, म्हणजे एपीएलची मालक कंपनी, घेतली, २०१७ ला हापागने यूएएससी, मर्स्कने हॅम्बर्ग सूड, एप्रिल २०१८ ला जपानच्या तिघांनी, एनवायके, एमओएल आणि के लाइनने, आपापला कंटेनर धंदा एकत्र करून ‘वन’ नावाची लाइन सुरू केली, ते गुलाबी डबे, आणि त्याच वर्षी कॉस्कोने ओओसीएल घेतली. दोन-अडीच वर्षांत अर्धा बाजार इकडचा तिकडे. आज जगातल्या कंटेनर जहाजांची ८० टक्क्यांहून जास्त जागा पहिल्या दहा लाइनींकडे आहे.

पण विकत घेतलं म्हणजे पचलंच असं नाही हां. पी अँड ओ नेडलॉइड घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी, २००६ ला, मर्स्कचा कंटेनर धंदा तोट्यात गेला. दोन कंपन्यांच्या सिस्टीम जुळवताना पार्ट्या दुसरीकडे गेल्या. आणि उलट उदाहरण एमएससीचं. जानलुइजी अपोंते, इटालियन माणूस, १९७० ला एक जुनं जहाज घेऊन सुरुवात, ऑफिस आता जिनिव्हात, कंपनी अजून घरचीच, शेअर बाजारात नाही. त्यांनी मोठ्या लाइनी गिळण्यापेक्षा जहाजंच घेतली, २०२० नंतर तर शेकड्याने जुनी जहाजं उचलली, आणि जानेवारी २०२२ ला मर्स्कला मागे टाकून एक नंबर. माझं मत विचाराल तर मर्स्कने तिथून रस्ताच बदललाय, जहाजांची शर्यत सोडून गोदामं, कस्टम्स, विमानाचा माल यात पैसा घालतायत, २०२२ ला हाँगकाँगची एलएफ लॉजिस्टिक्स ३६० कोटी डॉलरला घेतली. आणि ताई, इथे तुम्ही आम्ही जागं व्हायला पाहिजे. कारण आतापर्यंत ते लाइन होते, आपण सीएचए आणि फॉरवर्डर (पार्टीचा माल पाठवायची व्यवस्था करणारे). आता आपलं काम पण त्यांना करायचंय.

एपीएमसी_रीफर

वाशी मार्केटमधून कांदा, द्राक्षं, डाळिंब पाठवतो, वडिलांपासूनचा धंदा. मी पार्टीच्या बाजूने लिहितो कारण वर सगळे लाइनच्या बाजूने बोलले.

पूर्वी द्राक्षाच्या सीझनला नऊ-दहा ठिकाणी रेट विचारायचो. फोन उचलणारा माणूस ओळखीचा असायचा, निफाडला पाऊस झाला का तो विचारायचा. आता चार-पाच, आणि त्यातल्या दोघांचं जहाज एकच, कारण अलायन्स, म्हणजे लाइनी एकमेकींची जहाजं वाटून वापरतात. म्हणजे मी भांडून दुसऱ्याकडे गेलो तरी डबा त्याच जहाजावर. गेल्या फेब्रुवारीत एका लाइनने, नाव नको, माझे तीन रीफर सलग दोन आठवडे रोल केले, म्हणजे पुढच्या जहाजावर ढकलले. पहिल्यांदा जहाजात जागा नाही, दुसऱ्यांदा जहाजाने न्हावा शेवा बंदरच वगळलं. डब्यात आपली थॉमसन द्राक्षं, शून्य ते एक डिग्रीला, यार्डात विजेच्या प्लगवर. प्लगचं भाडं आमच्याकडून. तिसऱ्या आठवड्यात निघाले आणि तेव्हा बहुतेक जहाजं लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून जात होती म्हणजे वर आणखी दहा-बारा दिवस. माल उघडला तेव्हा देठ तपकिरी. देठ गेला की युरोपात भाव गेला, मणी कितीही गोड असू दे. शेतकऱ्याला मी पूर्ण पैसे दिले कारण त्याची काय चूक, पण लाइनकडे तक्रार केली तर पोर्टलवर तिकीट नंबर मिळाला. माणूस मिळाला नाही.

मर्जर झाल्यावर रेट कमी होतात असं सांगतात ना, खर्च त्यांचा कमी होतो. तो आमच्यापर्यंत पोचायला समोर दुसरं दुकान उघडं असावं लागतं.

अंधेरी_फॉरवर्डर

दादा तुमचं दुःख खरं आहे, आणि शेतकऱ्याला पूर्ण दिलंत त्याबद्दल हात जोडतो. फक्त एक, सरकारं अगदीच झोपलेली नाहीत. मर्स्क, एमएससी आणि सीएमए सीजीएम या तिघांनी मिळून पी थ्री नावाचं जाळं करायचं ठरवलं होतं, २०१४ च्या जूनमध्ये चीनने नाही म्हटलं आणि ते तिथेच मेलं. मग मर्स्क आणि एमएससी दोघांनीच टू एम केलं, ते २०२५ च्या जानेवारीत संपलं, आता मर्स्क हापागबरोबर जेमिनी नावाच्या जाळ्यात. युरोपने २०२४ च्या एप्रिलमध्ये लाइनींच्या अशा एकत्र धंद्याला असलेली खास सवलत काढून घेतली. पण हे सगळं चीन आणि युरोपच्या दारात होतं, तुमच्या देठाची काळजी तिथे कोण करणार, हे मान्य.

बॅलार्ड_इस्टेट_३४वर्षं

वाशीवाले दादा, समोर दुसरं दुकान पाहिजे म्हणालात ना, ते दुकान आपल्या मुंबईने काढलं होतं म्हणून परत लिहायला बसलो.

१९१९ ची गोष्ट. वालचंद हिराचंद, आपल्या सोलापूरचे, नरोत्तम मोरारजी आणि आणखी काही मुंबईकर व्यापारी यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन काढली आणि ५ एप्रिल १९१९ ला एसएस लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. आज आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो त्या तारखेला. समोर कोण तर लॉर्ड इंचकेप, ज्याची ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन आणि पी अँड ओ १९१४ लाच एक झालेल्या. म्हणजे तेव्हाही मर्जरच. त्यांनी काय केलं, भाडं पाडलं. सिंदियाला माल मिळू नये इतकं पाडलं. ते तोटा सोसू शकत होते, ही नवी कंपनी नाही. १९२३ ला सिंदियाला करार करावा लागला आणि बराच काळ किनाऱ्यावरच्या धंद्यात अडकून राहावं लागलं. तरीही वालचंद हटले नाहीत, विशाखापट्टणमला जहाजाचा कारखाना काढला आणि १९४८ ला जलउषा तिथून पाण्यात गेलं. सिंदिया हाऊस अजून बॅलार्ड इस्टेटला उभं आहे, आतमध्ये जहाजाचा धंदा नाही.

आणि आता ताई हे तुमच्या पीओएनयूशी कसं जोडलंय बघा. तीच पी अँड ओ. तिचा कंटेनरचा धंदा १९९६ च्या अखेरीला डच नेडलॉइडबरोबर एक झाला, तो गेला २००५ ला मर्स्ककडे. आणि तिचा बंदरांचा धंदा, ज्याने न्हावा शेवाला आपल्या देशातलं पहिलं खाजगी कंटेनर टर्मिनल एनएसआयसीटी बांधलं, १९९७ च्या कराराने, तो २००६ ला दुबईच्या डीपी वर्ल्डकडे. म्हणजे ज्या कंपनीने सिंदियाला दाबलं तिचे दोन तुकडे झाले, आणि आज न्हावा शेवाला एनएसआयसीटीवर डीपी वर्ल्ड आणि जवळच जीटीआय टर्मिनलवर मर्स्कचं एपीएम टर्मिनल्स, सरकारी कंटेनर कंपनी कॉनकॉरबरोबर. मी रिटायर होईपर्यंत त्या रस्त्याने जाताना दर वेळी हे मनात यायचं.

सरकारची एससीआय, म्हणजे शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, आहे, २ ऑक्टोबर १९६१ ची, ती पण ईस्टर्न आणि वेस्टर्न या दोन शिपिंग कॉर्पोरेशन जोडूनच झाली. पण कंटेनरमध्ये तिचा आकार या लोकांपुढे फारच लहान. आपल्या द्राक्षाला आपला डबा आणि आपलं जहाज, हे माझ्या हयातीत बघायला मिळावं असं फार वाटतं.

करळफाटा_ऑप्स

एक मुद्दा राहिला तो टाकतो. एकाच कंपनीकडे लाइन, टर्मिनल, सिस्टीम सगळं गेलं की काय होतं ते २७ जून २०१७ ला दिसलं. नॉटपेट्या व्हायरस, मर्स्कची जगभरची कॉम्प्युटरं बंद, त्यात न्हावा शेवाचं जीटीआय पण. जहाज धक्क्याला आहे, क्रेन आहे, माणसं आहेत, पण कुठला डबा कुठे ठेवलाय हे सिस्टीमलाच माहीत, म्हणून काम ठप्प. कंपनीनेच नंतर नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितलं. त्यानंतर प्रत्येक शिफ्टला यार्डाची यादी कागदावर काढून ठेवावी असं मी आमच्याकडे धरून बसलो, आणि आजही ठेवतो. ताई तुम्ही पण बुकिंग आणि कंटेनर नंबरची यादी पोर्टलवर न ठेवता आपल्या रजिस्टरला ठेवा. ठेवताच आहात म्हणा, म्हणूनच तर हा प्रश्न सुचला.

डॉक्स_मशीदबंदर

काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. बॅलार्ड इस्टेटवाले काका, तुमचं सगळं प्रिंट काढून ऑफिसात लावलंय, आमचे सर वाचून म्हणाले की मी १९९९ ला इथेच होतो आणि मला हे एकत्र कुणी सांगितलंच नव्हतं.

भिवंडीच्या शेठना प्रीफिक्सचं समजावलं फोनवर, सील नंबर आणि चेक डिजिट दोन्ही त्यांच्याकडून वाचून घेतलं, जुळलं. दोन्ही डबे कटऑफच्या तीन तास आधी गेट इन झाले होते, काल जहाजावर चढले. एपीएमसीवाले दादा, पुढच्या सीझनला रोल झालं तर कुठल्या एजन्सीत अजून फोन उचलणारा माणूस आहे ते माझ्याकडे दोन-तीन नंबर आहेत, मेसेज करते.

आणि करळफाटावाले दादा, रजिस्टर आहे, पण त्यात आजपासून एक कॉलम वाढवलाय, डब्यावरचं जुनं नाव.